फुंकरीचं बळ : रेडिएशननंतरचा ठसका आणि श्वासाच्या स्नायूंचा व्यायाम

आजचा विषय गिळण्याचा आहे, आणि त्यातही एका ठराविक व्यायामाचा. तोंडाच्या, घशाच्या किंवा स्वरयंत्राच्या कॅन्सरसाठी ज्यांना रेडिएशन मिळालं, आपल्याकडच्या भाषेत ज्यांनी ‘लाईट घेतली’ किंवा ‘शेक घेतला’, अशा माणसाच्या घरात हे ऐकलं जावं अशी माझी इच्छा आहे. कारण त्या घरात काय चालतं ते मी रोज ऐकते. कॅन्सर गेला, डॉक्टर म्हणाले रिपोर्ट स्वच्छ आहे, पेढे वाटून झाले. आणि तरी तो माणूस ताटावर बसला की घरातले सगळे त्याच्या गळ्याकडे बघत बसतात. पाण्याचा घोट घेतला की ठसका. भाताचं शीत मागे राहिलं की ठसका. मग तो म्हणायला लागतो, ‘तुम्ही जेवून घ्या, मी मागून बसतो.’ लग्नकार्यात पंगतीला बसत नाही, पाकीट देऊन परत येतो. वजन उतरतं, आणि घरच्यांना वाटतं की आजाराने खचलाय.

ठसका लागतो ते वाईटच, पण ज्याला लागत नाही त्याची मला जास्त काळजी वाटते. रेडिएशनने घशाची संवेदना बोथट झालेली असू शकते. पाणी श्वासनलिकेत उतरतं आणि आत कुणाला खबरच लागत नाही. बाहेरून सगळं शांत. महिन्या-दोन महिन्यांनी ताप येतो, छातीत कफ भरतो, अँटिबायोटिक देऊन उतरतो, पुन्हा येतो. घरात म्हणतात, हवा बदलली, पंख्याखाली झोपले, दही खाल्लं. तसं नसतं. अन्नपाणी आणि त्याहून जास्त म्हणजे तोंडातली जंतूंनी भरलेली लाळ फुप्फुसात जात असते, आणि त्यातून न्यूमोनिया होतो. कॅन्सर जिंकलेला माणूस न्यूमोनियाने जाऊ शकतो. म्हणून हा विषय खाण्याच्या आवडीनिवडीचा नाही.

आधी गिळणं म्हणजे काय ते पाहू. आत्ता जिथे बसला असाल तिथेच दोन बोटं कंठमण्यावर ठेवा आणि लाळ गिळा. कंठमणी टुणकन वर उचलला गेला आणि खाली आला, लागलं हाताला? बायकांचा कंठमणी दिसत नाही, पण हाताला लागतो. तो वर जातो म्हणजे सगळं स्वरयंत्रच वर आणि थोडं पुढे जातं. हनुवटीच्या खालचे स्नायू त्याला ओढून नेतात. त्याच वेळी स्वरयंत्रावरचं झाकण खाली मिटतं, आतल्या स्वरतंतूंची दारं बंद होतात, घसा मागून आवळून घास खाली ढकलतो आणि अन्ननलिकेचं तोंड उघडतं. हे सगळं साधारण सेकंदाभरात. आणि त्या सेकंदात श्वास थांबलेला असतो. बहुतेक निरोगी माणसं श्वास सोडता सोडता मध्ये थांबतात, गिळतात आणि उरलेला श्वास सोडतात. म्हणजे गिळल्यावर लगेच हवा बाहेर येते. चुकून एखादा कण दाराशी राहिला असेल तर ती हवा त्याला बाहेर लोटते. आत ओढत नाही. शरीराची ही रचना मला फार हुशार वाटते, आणि आजचा व्यायाम तिच्याच आधाराने उभा आहे.

आता रेडिएशनने काय होतं? पूर्ण उपचार बहुधा साडेसहा-सात आठवड्यांचा असतो, आठवड्यातले पाच दिवस. जाळीचा मुखवटा चेहऱ्यावर घट्ट बसवून झोपवतात, ते ज्यांनी घेतलंय त्यांना आठवत असेल. त्या काळात तोंड येतं, लाळ सुकते, चव जाते. त्यातलं बरंचसं पुढे कमी होतं आणि आपण समजतो की संपलं. पण आत एक संथ काम चालू असतं. किरण जिथून गेले तिथले स्नायू आणि कातडीखालचे थर हळूहळू कडक होत जातात. मान बाहेरून हाताला लाकडासारखी लागते, तेच आतही होत असतं. मग कंठमणी पूर्ण वर जात नाही, झाकण नीट मिटत नाही, घसा आवळत नाही, घास मागे खाचांमध्ये साठून राहतो आणि श्वास घेताना तो आत ओघळतो. काही जणांत जिभेच्या आणि स्वरतंतूंच्या नसाही कमजोर होतात. आणि हे उपचारानंतर लगेचच होतं असं नाही. पाच वर्षं, कधी दहा वर्षं बरी गेलेली असतात आणि मग ठसका सुरू होतो. अशा वेळी लोक आधी कॅन्सर परत आला का या भीतीने तपासायला धावतात. धावायला हवंच. पण कॅन्सर नाही असं कळल्यावर ‘मग वयामुळे असेल’ म्हणून सोडून देतात, ते करू नका.

कडक झालेला स्नायू व्यायामाने पुन्हा लोण्यासारखा मऊ होईल असं मी तुम्हाला सांगणार नाही. जो तसं सांगेल त्याच्यापासून सावध राहा. मग करायचं काय? इथे एक साधा विचार आहे. गळ्याच्या आतलं एक काम आपण बाहेरून करवून घेऊ शकतो. श्वासनलिकेत काही गेलं तर ते बाहेर फेकण्याचं काम खोकला करतो, आणि खोकल्याचं बळ गळ्यातून येत नाही. ते पोटाच्या भिंतीतून आणि बरगड्यांमधल्या स्नायूंतून येतं. हे स्नायू किरणांच्या वाटेत नव्हतेच! गळ्याची लाईट गळ्यापुरती होती. पोटाचे स्नायू थकलेत, वजन उतरल्यामुळे बारीक झालेत, महिनोन् महिने पडून राहिल्यामुळे ढिले झालेत, पण ते कडक झालेले नाहीत. म्हणजे त्यांना तालमीत घातलं तर ते उत्तर देतात.

हाच तो व्यायाम. मराठीत त्याला रूढ नाव नाही. इंग्रजीतलं लांबलचक नाव बाजूला ठेवून आपण त्याला ‘जोरदार फुंकरीचा व्यायाम’ म्हणू. श्वास सोडण्याच्या स्नायूंना वजन उचलायला लावायचं. वजन कसलं, तर हवेच्या दाबाचं. त्यासाठी मुठीत मावेल एवढी एक नळी मिळते. आत स्प्रिंग लावलेली झडप असते. तुम्ही तोंड लावून फुंकायचं. हळू फुंकलं तर झडप हलत नाही, हवा जात नाही, भिंतीत फुंकल्यासारखं वाटतं. ठरलेल्या दाबाच्या वर जोर लागला की झडप फट् करून उघडते आणि हवा सुटते. स्प्रिंग किती घट्ट करायची ते एका टोकाला फिरवून ठरवता येतं. फ्लोरिडा विद्यापीठात तयार झालेल्या आणि जास्त वापरात असलेल्या नळीवर ३० ते १५० असे आकडे असतात.

हे आकडे कसले? सेंटिमीटर पाण्याचे. ऐकायला विचित्र आहे, पण घरात करून बघता येतं. निदान तुमच्या घरातल्या धडधाकट मुलाला करायला सांगा. ग्लासात दहा सेंटिमीटर पाणी घ्या, स्ट्रॉ तळापर्यंत बुडवा आणि फुंका. बुडबुडे यायला लागले की तुम्ही दहा सेंटिमीटर पाण्याचा दाब काढलात. लहान मूलही काढतं. आता कल्पना करा की नळी दोन फूट खोल बुडवलीय आणि तिच्या खालच्या टोकातून बुडबुडा काढायचाय. तो साधारण साठ. दीडशे म्हणजे जवळजवळ माणसाच्या उंचीएवढ्या पाण्यातून बुडबुडा काढणं. आता कळेल की ग्लासातले बुडबुडे आणि हा व्यायाम यांत अंतर किती आहे.

एक बोनसही आहे यात. एवढ्या जोराने बंद झडपेवर फुंकताना हनुवटीखालचे स्नायू, म्हणजे कंठमण्याला वर ओढणारे तेच स्नायू, जोरात कामाला लागतात. हे त्या स्नायूंवर तारा लावून मोजलेलं आहे. म्हणजे पोटाचा व्यायाम करताना थोडा गळ्याचाही होतो. रेडिएशन झालेल्या गळ्यात हा दुसरा फायदा किती मिळेल ते कडकपणावर अवलंबून आहे. माझी मदार पहिल्या फायद्यावर जास्त आहे.

पुरावा काय, असं विचारणारी मंडळी मला आवडतात. हा व्यायाम आधी पार्किन्सनच्या रुग्णांत नीट तपासला गेला. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या फ्लोरिडातल्या अभ्यासात ६० रुग्ण होते. निम्म्यांना खरी नळी दिली, निम्म्यांना तशीच दिसणारी पण आत स्प्रिंग नसलेली. चार आठवड्यांनी खऱ्या नळीवाल्यांचं श्वासनलिकेत जाणं कमी झालं होतं, स्प्रिंग नसलेल्यांचं नाही. गळ्याच्या रेडिएशननंतरच्या रुग्णांवरचं काम ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन कॅन्सर सेंटरमधल्या कॅथरिन हचिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली मांडलं. त्यांच्याकडे अन्नपाणी श्वासनलिकेत जाणारे ६४ रुग्ण होते. पहिली गोष्ट त्यांना दिसली ती अशी की, यातल्या बहुतेकांची फुंकर मुळातच निरोगी माणसापेक्षा कमजोर होती. त्यातल्या २६ जणांनी ८ आठवड्यांचा व्यायाम हाती घेतला. तो पूर्ण केलेल्या २३ जणांत ती सरासरी निम्म्याहून जास्त वाढली, ८७ वरून १३७ पर्यंत, आणि गिळण्याची सुरक्षितता सुधारली.

हे आकडे सांगताना दोन गोष्टी लपवणार नाही. तुलनेसाठी या अभ्यासात व्यायाम न केलेला गट नव्हता, म्हणून त्याचं वजन पार्किन्सनच्या अभ्यासाएवढं नाही. आणि ६४ मधल्या २६ जणांनीच व्यायाम सुरू केला, त्यातले शेवटपर्यंत टिकले २३. कोणी लांब राहतं, कोणी थकतं, कोणाला कंटाळा येतो. आपल्याकडेही चित्र वेगळं नाही. पहिल्या आठवड्यात नळी देव्हाऱ्याशेजारी असते, चौथ्या आठवड्यात कपाटात.

आता प्रत्यक्ष कसं करायचं. पण त्याआधी तपासणी, हे मी तीनदा सांगेन. ठसका का लागतो ते बाहेरून बघून कळत नाही. एक्स-रेच्या यंत्रासमोर बेरियम मिसळलेलं पाणी आणि घास गिळायला देऊन त्याची हलती फिल्म काढतात, किंवा नाकातून बारीक दुर्बीण घालून गिळताना वरून बघतात. घास गिळण्याच्या आधी आत जातो, गिळताना जातो की नंतर मागे साठलेला ओघळतो, हे त्यात दिसतं. उपाय त्यावर ठरतो. तपासणी न करता नळी मागवून फुंकत बसणं म्हणजे नंबर न काढता चष्मा लावण्यासारखं आहे.

फुंकरीची ताकद एका दाबमापकावर मोजतात. समजा, तुमची जास्तीत जास्त ८० आली. मग स्प्रिंग साधारण तिच्या तीन चतुर्थांशावर, म्हणजे ६० च्या आसपास लावतात. मापक नसेल तर थेरपिस्ट स्प्रिंग हळूहळू घट्ट करत जातात, झडप उघडेनाशी झाली की थोडी मागे घेतात. दर आठवड्याला पुन्हा मोजून ती वाढवायची असते. हे ‘वाढवणं’ विसरलं तर व्यायाम उरत नाही. दोन महिने त्याच आकड्यावर फुंकणारे लोक मी पाहिलेत. तालमीतला पैलवान वर्षभर तोच दगड उचलत बसला तर काय होईल?

खुर्चीत ताठ बसायचं, पाय जमिनीला टेकलेले. नाकाला चिमटा लावायचा, नाहीतर जोर नाकातून निसटतो. छाती भरून श्वास घ्यायचा. नळीचं तोंड दातांच्या आत, जिभेच्या वर ठेवून ओठ घट्ट मिटायचे. एका हाताचा अंगठा आणि बोटं दोन्ही गालांवर दाबून धरायची. गाल फुगले की जोर पोटाकडून न येता गालांकडून येतो आणि आपलीच फसवणूक होते. मग एकदम, झटक्यात, जोरात फुंकायचं. झडप उघडल्याचा आवाज आला, हवा सुटली, की थांबायचं. फुप्फुसं रिकामी करत बसायची गरज नाही. हे सगळं एक-दोन सेकंदांचं काम आहे. नळी काढा, शांतपणे दोन-तीन साधे श्वास घ्या, मग पुढची फुंकर. पाच फुंकरी झाल्या की मिनिटभर विश्रांती. असे पाच फेरे, म्हणजे दिवसाला पंचवीस. आठवड्यातले पाच दिवस, आणि निदान पाच आठवडे. पाचाचा हा पाढा लक्षात ठेवायला सोपा आहे. रेडिएशनच्या रुग्णांत मी आठ आठवडे धरून चालते, कारण ह्यूस्टनचं काम तेवढ्या काळाचं आहे. एका दिवसाचा वेळ किती? पंधरा-वीस मिनिटं. जेवणानंतर लगेच नको, पोट भरलेलं असताना जोर लावला की वर येतं.

ओठ मिटण्याचा मुद्दा आपल्याकडे फार मोठा आहे. गालाचं किंवा ओठाच्या कोपऱ्याचं ऑपरेशन झालेलं असेल तर एका बाजूने हवा फुसकन निसटते. तिथे बोटांनी ओठ धरावे लागतात, किंवा तोंडावर बसणारा मास्क वापरून बघतात. दुसरी अडचण तोंड उघडण्याची. तंबाखू-सुपारी-गुटख्याने आपल्याकडच्या कितीतरी रुग्णांचं तोंड कॅन्सरच्या आधीपासूनच दोन बोटांवर आलेलं असतं, आणि रेडिएशनने ते आणखी आवळतं. नळीचं तोंडच आत जात नाही. अशा वेळी आधी तोंड उघडण्याचा व्यायाम किंवा मास्क. आणि ज्यांच्या गळ्यात श्वासाची नळी आहे, त्यांची फुंकर तोंडापर्यंत पोचण्याआधीच गळ्यातून निघून जाते, त्यांनी आपल्या मनाने यात पडू नये.

कोणी करू नये तेही नीट ऐका, कारण या व्यायामात पोट, छाती आणि डोक्यातला दाब क्षणभर चांगलाच वाढतो. ब्लडप्रेशर आटोक्यात नसेल, नुकताच हार्ट अटॅक किंवा पक्षाघात येऊन गेला असेल, हर्निया असेल, पोटाचं, छातीचं, डोळ्याचं ऑपरेशन अलीकडे झालं असेल, फुप्फुस कधी फुटलं असेल, दम्याचा जोर असेल, कानाचा पडदा फाटलेला असेल, गरोदरपण असेल, तर डॉक्टरांनी होकार दिल्याशिवाय नळीला हात लावायचा नाही. करताना डोकं गरगरलं तर थांबा, विश्रांती वाढवा. छातीत दुखलं तर त्या दिवशीचा व्यायाम बंद, आणि डॉक्टरांकडे.

आता मला हटकून विचारला जाणारा प्रश्न. ‘आमच्याकडे ते तीन गोळ्यांचं यंत्र आहे, ऑपरेशनच्या वेळी दिलेलं, ते चालेल का?’ नाही चालणार. निळे-पिवळे-लाल गोळे असलेलं ते प्लास्टिकचं खोकं हवा आत ओढण्यासाठी आहे. त्यात तुम्ही श्वास घेता आणि गोळे वर जातात. ते फुप्फुसं फुगवण्याचं काम छान करतं, पण आपल्याला हवेत श्वास सोडण्याचे स्नायू. त्याच खोक्यात फुंकत बसलेले आजोबा मी पाहिलेत. त्यात फुंकूनही उपयोग नाही, कारण फुंकरीला अडवणारं त्यात मोजून लावलेलं काही नसतं.

फुगा? फुगा सुरुवातीला जड जातो आणि थोडा फुगला की हलका होतो. दाब किती, ते कळत नाही, वाढवता येत नाही. काहीच हाताशी नसेल तर बसून राहण्यापेक्षा बरा, एवढंच म्हणेन. शंख? शंखाला जोर लागतो हे खरं, पण ओठांची जी करामत लागते तीच या रुग्णांकडे उरलेली नसते, आणि गिळण्यासाठी त्याचा उपयोग मोजून दाखवलेला माझ्या वाचनात नाही. प्राणायाम जरूर करा, अनुलोम-विलोमाने मन शांत होतं, झोप लागते. पण त्यात अडथळ्यावर जोर लावणं नाही, म्हणून तो या नळीच्या जागी बसत नाही. आणि गळ्याला पट्ट्या चिकटवून विजेची झिणझिण देणारी यंत्रं? त्यांचा मोठा अभ्यास २०१६ साली झाला, रेडिएशन झालेले १७० रुग्ण घेऊन. व्यायामाला विजेची जोड दिलेल्यांना, नुसत्या व्यायामापेक्षा जास्त फायदा झाला नाही. त्यावर पैसे घालवण्याआधी हे लक्षात असू द्या.

फुंकर वाढली म्हणजे गिळणं सुटलं, असं नाही. वाढलेला जोर गिळण्याच्या वेळी वापरायला शिकावं लागतं. त्याची एक पद्धत अशी : श्वास घ्या आणि रोखून धरा, रोखलेलं असतानाच गिळा, मग श्वास आत न घेता लगेच एक खोकला काढा, आणि पुन्हा रिकामं गिळा. मधला तो ‘श्वास आत न घेता’ हाच जीव आहे. गिळल्याबरोबर सवयीने श्वास ओढला तर दाराशी साठलेलं सगळं आत. खोकल्याने ते बाहेर निघतं, आणि आता तुमच्या खोकल्यात दम आलेला असतो. लाळेवर सराव करा, मग थेरपिस्टच्या समोर पाण्याच्या चमचाभर घोटावर. हृदयविकार असलेल्यांनी श्वास रोखण्याआधी विचारून घ्यावं.

आणि घरच्यांनी एक सवय सोडायची आहे. कोणाला ठसका लागला की आपला हात आपोआप पाण्याच्या तांब्याकडे जातो. या माणसाला पाणी पुढे करू नका! पाणी सगळ्यात पातळ आणि सगळ्यात चपळ, दार किंचित उघडं राहिलं की तेच आधी आत शिरतं. त्याला पुढे वाकू द्या, खोकू द्या, खोकला पुरा होऊ द्या. पाठीवर थापट्या मारत ‘बोल, बोल, काय होतंय’ असंही विचारू नका, बोलायला श्वास आत घ्यावा लागतो. पण आवाजच फुटत नसेल, खोकताच येत नसेल, ओठ काळेनिळे पडत असतील तर तो ठसका नव्हे. घास अडकून श्वास बंद झालाय, तिथे पाठीवर जोरदार थापा आणि तातडीची मदतच हवी. पातळ आमटी आणि भात एकत्र, ताकभात, दुधात बुडवलेली पोळी, हे आपल्याला ‘मऊ’ वाटतं, पण यात पातळ आधी पळतं आणि घट्ट मागे राहतं, म्हणून ते अवघड असतं. एकसारखं दाट, पिठल्यासारखं किंवा घट्ट खिमटीसारखं, बऱ्याच जणांना सोपं जातं. कोणाला नेमकं काय, ते पुन्हा तपासणीवरच. पाणी दाट करून द्यायचं का, हेही स्वतः ठरवू नका, कारण दाट पाणी आवडत नाही म्हणून माणूस पाणीच सोडतो आणि सुकतो.

दात आणि तोंड. सकाळ-संध्याकाळ मऊ ब्रश, प्रत्येक खाण्यानंतर चूळ. लाळ थोडीफार आत जाणार हे धरून चाललं, तर ती स्वच्छ असणं हे आपल्या हातात आहे. रेडिएशननंतर दात काढायचा असेल तर दंतवैद्याला आधी रेडिएशनचं सांगा, जबड्याचं हाड भरून यायला त्रास होतो.

ज्यांची लाईट सध्या चालू आहे, त्यांच्यासाठी थोडं. वाट बघू नका. तोंड आलंय, दुखतंय, नाकातून नळी टाकलीय, तरी थेरपिस्ट सुरक्षित म्हणतील तेवढं रोज गिळत राहा. २०१३ साली हचिसन यांच्याच गटाने ४९७ रुग्णांचा हिशोब मांडला होता. उपचार चालू असताना तोंडाने खात राहिलेले आणि गिळण्याचे व्यायाम करत राहिलेले रुग्ण पुढे सगळ्यात चांगलं खाऊ शकत होते. दोन्हींतलं काहीच न केलेले सगळ्यात मागे.

आता जायचं कुणाकडे? तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला, हैदराबादला, बेळगावला की दिल्लीत, मोठ्या हॉस्पिटलात ‘स्पीच थेरपी’ अशी पाटी शोधा. लोकांना वाटतं तिथे तोतरेपणा आणि न बोलणारी मुलं बघतात. पण गिळण्याचं कामही त्यांचंच आहे. मैसूरमध्ये १९६५ साली सुरू झालेल्या अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्थेसारख्या ठिकाणी हे शिकून तयार झालेली माणसं देशभर आहेत. सरळ विचारा, ‘कॅन्सरनंतर गिळण्याचं तुम्ही बघता का, आणि गिळण्याची तपासणी इथे होते का?’ नाही म्हणाले तर कुठे होते ते विचारा. गाव लांब असेल तर तपासणी आणि पहिलं शिकणं समोरासमोर करून, पुढची आठवड्याची मोजणी व्हिडिओ कॉलवर होऊ शकते. मी स्वतः तसं करते. जाताना रेडिएशनची कागदं न्या. किती डोस, कुठल्या बाजूला, कधी संपलं, एवढं त्यात असतं आणि थेरपिस्टला ते लागतं.

कुणाला याचा फायदा कमी होतो तेही सांगते. स्वरतंतू लुळे पडलेले असतील तर खोकल्याच्या आधी दार बंदच होत नाही, आणि नुसत्या फुंकरीने तेवढं भरून येत नाही. तिथे कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे स्वरतंतू जवळ आणण्याचे उपाय असतात, ते आधी विचारा. घास मागे साठून राहणं, हीच मुख्य तक्रार असेल तर या नळीकडून फार आशा धरू नका, त्याचे व्यायाम आणि युक्त्या वेगळ्या. आणि वर्षानुवर्षं उलटून गेल्यावर, जिभेच्या नसा गेल्यावर आलेला त्रास पुष्कळदा पूर्ण हटत नाही. पोटात थेट जेवणाची नळी बसवायची वेळ आली तर ती हार समजू नका. नळीने पोट भरलं, वजन सावरलं, की व्यायामाला ताकद येते, आणि चवीपुरते दोन चमचे तोंडाने घेण्याचा मार्ग त्यातून कधीकधी उघडा राहतो.

आठ आठवडे झाले आणि बरं वाटलं, की नळी कपाटात जाते. तसं नको. कमावलेला जोर बसून राहिलं की उतरतो. त्यानंतर आठवड्यातून किती दिवस चालू ठेवायचं ते थेरपिस्टबरोबर ठरवून घ्या, कॅलेंडरवर खूण करा. नळी रोज कोमट पाण्याने धुऊन वाळवा, आणि ती एकाचीच असते, घरात कुणी गंमत म्हणून फुंकून बघायची नाही. मध्ये ताप आला, कफाचा रंग बदलला, पाणी प्यायल्यावर आवाज गुळण्या केल्यासारखा ओला यायला लागला, किंवा जेवायला अर्ध्या तासाचा तास व्हायला लागला, तर पुढच्या तारखेची वाट न बघता फोन करा.